दाखल्यावरची निरुपयोगी ओळ

चाळिशीतला धडधाकट माणूस कोसळतो आणि रुग्णालयात पोहोचल्यावर तासाभरात सारे संपते. ‘अटॅक आला’ असे सांगितले जाते. दाखल्यावर ‘हृदयक्रिया व श्वसन बंद पडल्याने मृत्यू’ असे लिहिले जाते आणि नातेवाईक अंत्यविधीच्या तयारीला लागतात. हृदय आणि श्वास प्रत्येकाच्याच मृत्यूत थांबतात. मृत्यूचे कारण म्हणून असे लिहू नये हे सरकारी सूचनांतच बजावलेले आहे, तरी ही ओळ सर्रास सापडते.

छातीत कळ येऊन होणारा मृत्यू हृदयाच्या रक्तवाहिनीतील गुठळीने होतो, तसाच महाधमनीचा आतला पदर फाटल्यानेही होतो. पायातली गुठळी फुफ्फुसात जाऊन अडकली, तरी माणूस असाच जातो. बाहेरून तिन्ही सारखे. पण गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या आजारात तारते, दुसऱ्यात जिवावर बेतते. हृदयाचा स्नायू आनुवंशिक दोषाने जाड झालेला असेल, तर मृताच्या भावंडांची आणि मुलांचीही तपासणी व्हायला हवी. यांतले नेमके काय घडले, हे शवविच्छेदन न करता खात्रीने सांगता येणे अवघड आहे.

आता सीटी स्कॅन, सोनोग्राफी असताना चिरफाड कशाला, असे डॉक्टरही म्हणतात. बॉस्टनमधील एका अध्यापन रुग्णालयाने १९८३ मध्ये याचा छडा लावला. १९६०, १९७० आणि १९८० या वर्षांतली प्रत्येकी शंभर शवविच्छेदने तपासली. तिन्ही वेळा शंभरांतील सुमारे दहा रुग्णांत असा मोठा आजार निसटलेला आढळला की, तो कळला असता तर उपचार बदलून आयुष्य वाढण्याची शक्यता होती. मधल्या वीस वर्षांत यंत्रे आली, प्रमाण हलले नाही. अर्थात शवविच्छेदन बहुधा कोड्यात टाकणाऱ्या रुग्णांचे होते. म्हणून दर दहा रुग्णांमागे एकाचे निदान चुकते, असा अर्थ काढणे अन्यायाचे ठरेल.

करोनाच्या पहिल्या लाटेत संसर्गाच्या धास्तीने शवविच्छेदन टाळण्याचा सल्ला जर्मनीत दिला गेला, भारतातही. धास्ती अनाठायी नव्हती. हॅम्बुर्गने तरीही शवे तपासली. पहिल्या बारांपैकी सात जणांच्या खोल शिरांत गुठळ्या निघाल्या. चौघे तर फुफ्फुसात गेलेल्या गुठळीनेच दगावले होते. जिवंतपणी कोणालाही तशी शंका आली नव्हती.

आपल्याकडे पोस्टमॉर्टेम म्हटले की पोलीसच आठवतात. अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनामा, राखून ठेवलेला व्हिसेरा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खालील ही चौकशी मुख्यतः घातपात झाला का, हे पाहते. तो नाही म्हटल्यावर सगळ्यांचाच रस संपतो. निदान बरोबर होते का, हे विचारणारे वैद्यकीय शवविच्छेदन वेगळे. त्याला पोलीस लागत नाहीत, नातेवाइकांची संमती लागते. आणि ती मागायलाच कोणी धजावत नाही. चूक निघाली तर तोडफोड होईल, खटला भरला जाईल, या भीतीने डॉक्टर गप्प. आधीच हादरलेल्या घरच्यांना देहाची विटंबना नको असते, देह लवकर हाती हवा असतो. दोघांचेही म्हणणे समजण्यासारखे आहे, पण त्यात निदानाचा पडताळा कायमचा राहून जातो.

राज्याने सुरुवात वैद्यकीय महाविद्यालयांपासून करावी. रुग्णालयातील पन्नाशीच्या आतल्या अनपेक्षित मृत्यूनंतर वरिष्ठ डॉक्टरने स्वतः संमती विचारावी. हे काम इंटर्नवर ढकलू नये. तपासणी विनामूल्य असावी आणि देह काही तासांत परत मिळावा. सोय असलेल्या रुग्णालयांना सूर्यास्तानंतरही शवविच्छेदनाची मुभा केंद्राने २०२१ मध्येच दिली आहे. विभागातील चर्चेत शिकण्यासाठी चूक मान्य करणाऱ्या डॉक्टरला कायद्याचे संरक्षण हवे; दडवणाऱ्याला नको. आणि अहवाल फाइलमध्ये न पडता, महिनाभरात घरच्यांना समोर बसवून मराठीत समजावून सांगितला जावा.