तारेचें अर्धें अंग जमिनींत

पुण्याच्या एका वाचकांचें पत्र गेल्या महिन्यांत आमच्याकडे आलें. त्यांच्या चिरंजीवांस हौशी रेडिओचा सरकारी परवाना नुकताच मिळाला असून यंत्रहि घरांत येऊन पोंचलें आहे. आतां चिरंजीवांचें म्हणणें असें कीं, गच्चीवरून आवारांतील आंब्यापर्यंत वीस मीटरांची तार बांधल्यावांचून त्या यंत्राचा उपयोग नाहीं. वडिलांनीं आम्हांस तीन प्रश्न विचारले आहेत. एवढें मोलाचें यंत्र घेतल्यावर पुन्हां तारेवांचून अडावें कां? तारेमुळें घरावर वीज पडेल काय? आणि सोसायटीच्या मंडळींस काय सांगावें? या स्तंभांत आम्हीं चुलीपासून घड्याळापर्यंत पुष्कळ विषय हाताळले. पण ज्या हौसेंत आमचीं स्वतःचीं कित्येक वर्षें आणि बरीचशी दोरी खर्ची पडली, तिच्यावर लिहिण्याचा प्रसंग आज प्रथमच येत आहे.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर थोडक्यांत असें: यंत्र विकत मिळतें, एरिअल विकत मिळत नाहीं. तांबें मिळतें, दोरी मिळते. पण तार कोठून कोठें, किती उंच आणि कसल्या मातीवर बांधावयाची, हें ज्याचें त्यानें आपल्या जागेकडे पाहून ठरवावें लागतें. हौशी मंडळी ज्यांस खालचे पट्टे म्हणतात ते १६०, ८० व ४० मीटरांचे. या लहरीच इतक्या लांब, कीं त्यांना पुरेल एवढी तार सामान्य घराच्या आवारांत बसविणें हीच मुख्य अडचण. अर्ध्या लहरीची तार कापावयाची तर १४३ या अंकास मेगाहर्ट्झच्या आंकड्यानें भागावें, म्हणजे मीटरांत लांबी मिळते. ७·१ मेगाहर्ट्झला २० मीटरांहून किंचित् अधिक, ३·६ ला जवळजवळ ४०, आणि १६० मीटरांच्या पट्ट्यावर सुमारें ७८. ही तार मधोमध तोडून तेथें यंत्राकडून आलेली केबल जोडावयाची. आरंभीं हातभर तार जास्तच ठेवावी. जास्त झालेली कापतां येते, कमी पडलेली ताणून वाढत नाहीं.

चिरंजीवांनीं ४० मीटरांचा पट्टा निवडला हें चांगलें केलें. मात्र उंचीविषयीं त्यांनीं भ्रम बाळगूं नये. आडवी तार निदान अर्ध्या लहरीइतकी, म्हणजे २० मीटर उंच असेल, तरच तिची शक्ति क्षितिजाच्या रोखानें नीट जाते. दहा मीटरांवरची तार बहुतेक शक्ति थेट माथ्यावर फेंकते, आणि ती वातावरणाच्या वरच्या विद्युद्भारित थरावरून परतून भोंवतालच्या कांहीं शें किलोमीटरांच्या मुलखांत उतरते. यांत कमीपणा मुळींच नाहीं. पुण्याहून नाशिक, सोलापूर, कोल्हापूर येथें दिवसा बोलावयाचें तर हीच तार हवी. २००४ च्या डिसेंबरांत हौशी मंडळींची एक तुकडी अंदमानांत पोर्ट ब्लेअर येथें गेली होती. २६ तारखेस त्सुनामी आली, टेलिफोन बंद पडले, आणि अडकलेल्यांच्या खुशालीचे निरोप याच मंडळींच्या केंद्रांवरून मुख्य भूमीवर आले.

दूर देशींचीं केंद्रें ऐकावयाचीं ती गोष्ट निराळी. दिवसा सूर्यप्रकाशानें आकाशांत एक खालचा थर उत्पन्न होतो व तो या लांब लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळतांच तो थर विरतो आणि वाट मोकळी होते. आमचे आजोबा पळी-पंचपात्र घेऊन ज्या दोन वेळीं संध्येस बसत, नेमक्या त्याच वेळीं हजारों मैलांवरचे आवाज अकस्मात् उमटतात आणि पाऊणएक घटकेंत नाहींसे होतात.

या दूरच्या आवाजांच्या मोहानें आम्हीं आमच्या कोंकणांतील वाडींत ८० मीटरांसाठीं उभी तार बांधली. माडाच्या आधारानें १२ मीटर सरळ वर, आणि तेथून ८ मीटर आडवी. उभ्या तारेला दुसरें अर्धें अंग लागतें, तें जमिनींत. पायथ्यापासून चोहों बाजूंस तांब्याच्या तारा पसराव्या लागतात, व वर गेलेला प्रवाह त्यांच्या द्वारें परततो. आम्हीं चार तारा पसरल्या. यंत्र व एरिअल यांचें जुळतें कीं नाहीं हें दाखविणाऱ्या मापकानें एकास एक असें निर्दोष प्रमाण दाखविलें. आमचा आनंद काय वर्णावा! पेढे वाटावयाचे तेवढे राहिले. परंतु सबंध हिंवाळा सरला तरी युरोपांतून आमच्या हांकेला उत्तर येईना. आम्ही यंत्राला दोष दिला, ऋतूला दिला, एकदां तर माडालाहि दिला.

शेवटीं आमचे एक वृद्ध स्नेही वाडींत मुक्कामास आले. आम्हीं मोठ्या अभिमानानें त्यांना मापक दाखवूं लागलों, तों ते म्हणाले, “अहो, मापक राहूं द्या. जमिनींत तारा किती घातल्यात?” चार म्हणतांच ते हंसले. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं आमच्या हातीं कुदळ दिली. “माझं अळूं तेवढं वांचवा हो,” असें आमच्या सौभाग्यवती पडवींतून सांगत होत्या. अळूं वांचलें नाहीं. वीस तारा आणखी पुरल्या आणि मापक पाहिलें, तों प्रमाण बिघडून १·७ वर गेलेलें! सगळ्या तारा उपटून टाकाव्या असें आमच्या मनांत आलें.

मग स्नेह्यांनीं कागदावर हिशेब मांडला. आमच्या उभ्या तारेचा खरा, म्हणजे लहरी फेंकण्याच्या कामीं येणारा, रोध सुमारें २२ ओहम. केबल ५० ओहमची. चारच तारा असतांना मातीचा व्यर्थ रोध सुमारें २८ ओहम होता. २२ आणि २८ मिळून ५०, म्हणून मापक संतुष्ट. शंभर वॉटांपैकीं ४४ आकाशांत जात होते व ५६ वाडीची माती तापवीत होते. चोवीस तारा झाल्यावर मातीचा रोध आठांवर आला. २२ आणि ८ मिळून ३०, म्हणून मापक नाराज. पण आकाशांत जाणारे वॉट ७३ झाले. पुढें जुळणीची एक लहानशी गुंडाळी पायथ्याशीं बसवून मापकाचीहि समजूत घातली. त्याच आठवड्यांत एके पहांटे इटलींतील एका केंद्रानें आमची हांक पहिल्याच खेपेस ओळखली.

अमेरिकेंत ब्राऊन, लुईस व एप्स्टाईन यांनीं १९३७ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हीच गोष्ट शास्त्रोक्त मोजलेली आहे. त्यांनीं दोन तारांपासून ११३ तारांपर्यंत जमिनींत घालून पाहिल्या. तारा थोड्या असतील तर त्या लांबवून फारसा लाभ नाहीं. तांबें मोजकेंच असेल तर आंखूड करून संख्या वाढवावी. आमच्याकडील जांभ्याची कोरडी जमीन या कामीं फार कृपण. देशावरील काळी ओलसर माती पुष्कळ बरी.

बांधण्यापेक्षां राखणें कठीण. झाडाला ताठ बांधलेली तार पहिल्याच वाऱ्यांत तुटते, कारण माड डोलतो आणि तार डोलत नाहीं. म्हणून झाडावर कप्पी बांधावी, दोरी तींतून खालीं सोडावी आणि टोकाला वाळूची पिशवी टांगावी. झाड झुकलें कीं पिशवी वर जाते, तार शाबूत राहते. बाजारांतील रंगीत प्लास्टिकची दोरी एका उन्हाळ्यांत भुसभुशीत होते, ती घेऊं नये. केबलच्या तोंडांतून पाणी एकदां आंत शिरलें कीं तें आंतल्या जाळींतून हातोहात पसरतें. वरून कांहीं दिसत नाहीं, आणि श्रावणांत आवाज मंदावतो. जोड डाखवून, वर चिकटपट्टीचे दोन वेढे देऊन, तोंड खालीं राहील असें बांधावें. संक्रांतीनंतर मांजा गुंतला आहे कीं काय तें पाहावें. आम्ही वर्षांतून दोनदां, मृगापूर्वीं आणि दसऱ्यानंतर, सगळी तार उतरवून हातानें चांचपतों.

शहरांत आणखी एक उपद्रव आहे. एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर यांची खरखर खालच्या पट्ट्यांवर अखंड ऐकूं येते. ती बोलण्याच्या तारेनें टळत नाहीं. ऐकण्याची तार वेगळी असावी हा धडा जुना आहे. डिसेंबर १९२१ मध्यें पॉल गॉडली हे अमेरिकन हौशी मंडळींतर्फें स्कॉटलंडांत आर्ड्रॉसन येथें गेले, समुद्राकांठीं तंबू ठोकला, आणि हॅरोल्ड बेव्हरेज यांनीं शोधलेल्या पद्धतीची शेंकडों फूट लांब तार ठेंगण्या खांबांवरून अमेरिकेच्या रोखानें नेली. थंडीपावसांत बसून सुमारें २३० मीटरांच्या लहरींवर त्यांनीं अटलांटिकपलीकडील हौशी केंद्रें ऐकलीं. पुण्याच्या सोसायटींत एवढी तार मावणार नाहीं हें खरें. पण गच्चीच्या दूरच्या कोंपऱ्यांत ऐकण्यापुरतें मीटरभर व्यासाचें तारेचें कडें ठेवून तें फिरवीत गेल्यास एका दिशेची खरखर पुष्कळ दबते.

आतां विजेविषयीं. तार आकाशांतील वीज बोलावून आणते असें नव्हे. पण जवळ कोठें वीज पडली तरी तिचा धक्का तारेवाटे यंत्रापर्यंत येऊं शकतो. वैशाखांत ढग गडगडण्यापूर्वींच केबल घराबाहेर सोडवून जमिनींत गाडलेल्या सळईस जोडावी; गडगडाट सुरू झाल्यावर तिला हात लावूं नये. याहून मोठें भय रस्त्यावरील विजेच्या तारांचें. आपली तार वा दोरी कोठेंहि तुटली तरी त्यांच्यावर पडूं शकणार नाहीं, अशीच जागा निवडावी. आंब्यापलीकडून विजेची लाईन जात असेल तर आंबा सोडून द्यावा. येथें चिरंजीवांचा हट्ट चालूं देऊं नये.

सोसायटीस लेखी अर्ज, नकाशा व परवान्याची नक्कल द्यावी. बोलतांना तारेच्या टोकांस हात लागल्यास भाजतें, म्हणून टोकें हात पोंचणार नाहीं इतक्या उंचीवर ठेवूं आणि गच्चीवर धुणें वाळत घालण्यास अडथळा येऊं देणार नाहीं, हें त्यांत स्पष्ट लिहावें. तार कोजागिरीच्या सुमारास चढवावी. दोरीचें एक टोक चिरंजीव धरतील. दुसरें धरण्यास पत्रलेखकांनीं स्वतः गच्चीवर जावें. तारेच्या जाडीविषयीं त्यांनीं शेवटीं विचारलें आहे, तर दोन मिलिमीटरांची कठीण तांब्याची तार पुरे. मऊ तांबें घेऊं नये. तें आपल्याच ताणानें लांबतें आणि चार महिन्यांत माप चुकतें.