ताईला शाल द्यायची का?



9 ऑगस्ट जवळ आला. शिरूर-दौंडकडच्या वस्त्यांवर पोरांचं बोलणं चाललंय, की यंदा आंबळ्याच्या सुनीताताई भोसलेचा सत्कार करायचा. शाल, नारळ, फेटा आणि डीजे. वर्गणीची वही पण निघाली. मी वहीत नाव घातलं नाही म्हणून काहीजण रागावलेत. ताई वयानं मोठी, पण मी तिला मैत्रीणच मानते, आज नाही, लई वर्षांपासून. मग वर्गणी का नाही दिली ते सांगते.

आपल्यात कुणी म्हणतं, आपलं माणूस परदेशात जाऊन बोललं पाहिजे. जावंच. पण पारध्याला परदेश फार लांब नाही. पालातनं निघून डांबरीला लागलं की आपला परदेश सुरू होतो. भाषा वेगळी, कायदा वेगळा, आणि समोरच्याच्या डोळ्यात आधीच लिहिलेलं असतं की हा चोर.

मी तिसरीत होते तेव्हा आजीबरोबर जातीच्या दाखल्यासाठी एका कचेरीत गेले होते. साहेब म्हणाला, 6 सप्टेंबर 1950 च्या आधी इथं राहत होता याचा पुरावा आणा. आजीला मराठी धड येत नव्हतं. ती आपल्या बोलीत सांगत होती आणि मी मराठी करत होते. जन्म घोडनदीच्या काठी बाभळीखाली, लगीन भीमेच्या काठी, पहिलं पोर पारगावच्या रानात. साहेब हसला. म्हणाला, रानाचा उतारा मिळतो का? आम्ही परत आलो. आता कळतं, त्या काळात आमची कुठं नोंद असलीच तर ती पोलिसाच्या दप्तरात असणार. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा देशातून गेला 31 ऑगस्ट 1952 ला. म्हणजे ज्या तारखेच्या आधीचा कागद मागतात, त्या आधीच्या काळात आपण सरकारच्या लेखी जन्मानंच गुन्हेगार होतो.

अशा परदेशात सुनीताताई आपल्या वतीनं उभी राहते. पोलीस ठाण्यात, तहसीलला, पुण्या-मुंबईच्या सभांत. तिनं ‘विंचवाचं तेल’ हे पुस्तक केलं, शब्दांकन प्रशांत रुपवते यांनी केलं. पारध्याबद्दल आजवर लिहिलं कुणी? फौजदारानं पंचनाम्यात, नाहीतर पेपरवाल्यानं दरोड्याच्या बातमीत. पारध्याची बाई स्वतःच्या नावानं स्वतःचं सांगते, ही साधी गोष्ट नाही. म्हणून तिचा मान मोठाच आहे, यावर माझं भांडण नाही.

आता खऱ्या परदेशाचं ऐका. 9 ऑगस्ट ही तारीख कुठनं आली? 1982 साली त्या दिवशी जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासींवरच्या कामकाज गटाची पहिली बैठक बसली. आपण त्या तारखेला मिरवणूक काढतो, पण तिथं काय बोललं गेलं ते आपल्या पालापर्यंत येत नाही. 2007 साली संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीनं भारताला सांगितलं, की विमुक्त जमातींना डाग लावणारा सराईत गुन्हेगार कायदा रद्द करा. आपल्याकडं तो मुंबई राज्याचा 1959 चा आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानं पण तुरुंगातल्या जातीभेदाच्या निकालात विमुक्तांना मनमानी अटक करू नका असं बजावलं. तुमच्या वस्तीवर हे किती जणांना माहीत आहे? मला बी गेल्या साली कळलं. बारावी झाले तरी.

म्हणजे बोलणारं माणूस बाहेर गेलं एवढ्यानं होत नाही, ते बोलणं फिरून घरी यावं लागतं. आणि एकाच बाईच्या अंगावर सगळं टाकलं तर ते कसं फिरून येणार? रात्री पोरगं उचललं की ताईला फोन. गायरानातलं पाल उठवायची नोटीस आली की ताईला फोन. ती दुसऱ्या तालुक्यात असली म्हणजे? आपण गप बसून राहतो.

आणखी एक, हे कडू लागेल. सत्काराची वही घेऊन फिरणाऱ्यांत काही पंच आहेत. जातपंचायतीत बाईनं तोंड उघडलं तर हेच दंड सांगतात. बाहेर बोलणारी बाई पाहिजे आणि घरातली मुकी पाहिजे, हे कसं जमायचं? सामाजिक बहिष्काराविरुद्ध राज्यात 2016 चा कायदा झालाय, हेही पंचांनी वाचावं. ताईच्या खांद्यावर शाल टाकायचा हात आधी आपल्या सुनेला पंचायतीत बसायला जागा करून देऊ दे. मग मी वर्गणी दुप्पट देते.

शालीच्या जागी काय, असं पोरं विचारतात. जे वनजमिनीवर आहेत त्यांच्यासाठी सांगते. वनहक्क कायद्यात आदिवासीचा ताबा 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा दाखवावा लागतो. त्याच्या नियमांत पुराव्याच्या यादीत एक ओळ आहे: दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्यांचं लेखी जबाब-कथन. वाचलं तेव्हा मी पुस्तक खाली ठेवलं. आजीचं बोलणं! ज्याला साहेब हसला, ते कायद्यात पुरावा म्हणून बसलेलं आहे. एवढ्यावरच दावा मंजूर होईल असं नाही, दुसरे पुरावे पण जोडावे लागतात. आणि गायरानाला हा कायदा लागत नाही. तिथं सरकारच्या जुन्या निर्णयातली 14 एप्रिल 1990 ही तारीख आहे, त्याचे कागद वेगळे काढावे लागतील. पण जुनं माणूस रोज एकेक कमी होतंय. माझी आजी गेली. तिचं कुणी लिहून घेतलं नाही, मी पण नाही.

तर 9 ऑगस्टला दर वस्तीवरनं एक म्हातारं माणूस आणि एक लिहिता येणारी पोरगी आणा. पोरगीच आणा, पोरगं नको. म्हाताऱ्यानं आपल्या बोलीत सांगायचं, पोरीनं मराठीत लिहायचं, खाली अंगठा घ्यायचा. ताईला त्या दिवशी भाषण करायला लावायचं नाही. तिनं बसून ऐकायचं आणि पोरींचं कुठं चुकलं ते दाखवायचं. वर्गणी जमली असेल त्यातनं कोरे कागद, शाईचे पॅड आणि पोरींचं गाडीभाडं. डीजेवाल्याला उचल दिली असेल तर परत मागून घ्या, अजून वेळ आहे.