सायटेशन्स हजारो, पण अंदाजाचं काय?

५ डिसेंबर २०२५ ला रिझर्व्ह बँकेने रेपो दर पाव टक्क्याने कमी करून ५.२५ टक्के केला. त्याच दिवशी २०२५-२६ या वर्षाच्या महागाईचा अंदाज २.६ वरून २ टक्क्यांवर आणला. तुमच्या फोनवर बातमी आली असेल आणि तुम्ही ती स्वाइप करून पुढे गेला असाल. मीही पूर्वी तेच करायचो. आता करत नाही, कारण एका अंदाजाचे पैसे आमच्या घराने हप्त्यांत मोजले आहेत.

सातपूर एमआयडीसीत बाबांचं छोटं वर्कशॉप आहे. जानेवारी २०२२ मध्ये त्यांना नवीन व्हीएमसी मशीन घ्यायचं होतं. कर्ज २० लाख, मुदत ७ वर्षं, व्याज ८ टक्के आणि तेही फ्लोटिंग. त्याच आठवड्यात नातेवाइकांच्या ग्रुपवर एका अर्थतज्ज्ञांची क्लिप आली : दोन वर्षं तरी व्याजदर फारसे वाढणार नाहीत. बाबांनी मला विचारलं, "अरे, हा माणूस खरा आहे का?" मी गुगल स्कॉलर उघडलं. नावापुढे हजारो सायटेशन्स. म्हटलं, "बाबा, मोठा माणूस आहे. घ्या कर्ज."

मे २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने अचानक बैठक घेऊन रेपो ४ वरून ४.४ टक्के केला. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५ झाला. लघुउद्योगांची फ्लोटिंग कर्जं ऑक्टोबर २०१९ पासून बाहेरच्या दराशी, म्हणजे बहुतेक वेळा रेपोशी, जोडलेली असतात. त्यामुळे आमचा हप्ता साधारण ३१,२०० वरून ३३,४०० च्या घरात गेला. जॉबवर्कवर चालणाऱ्या वर्कशॉपला महिन्याचे सव्वादोन हजार जाणवतात.

चूक त्या तज्ज्ञांची कमी, माझी जास्त. मी चुकीचा आकडा तपासला होता.

सायटेशन म्हणजे नक्की काय?

एखाद्या संशोधकाने आपल्या पेपरमध्ये दुसऱ्याच्या पेपरचा संदर्भ दिला की दुसऱ्याच्या खात्यात एक सायटेशन जमा होतं. यावरूनच एच-इंडेक्स निघतो. २००५ मध्ये जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने तो सुचवला. एच-इंडेक्स २० म्हणजे किमान २० सायटेशन्स मिळालेले २० पेपर.

हे आकडे निरुपयोगी नाहीत. पण ते एवढंच सांगतात की हा पेपर इतरांनी विचारात घेतला. पटला म्हणून दिलेला संदर्भ आणि खोडून काढायला दिलेला संदर्भ, दोन्ही मोजणीत सारखेच. इथे डिसलाइकचं बटण नाही.

एक गाजलेलं उदाहरण बघा. २०१० मध्ये कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांनी एक पेपर लिहिला : देशाचं कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांच्या वर गेलं की वाढीचा दर खूप घसरतो. जगभरच्या नेत्यांनी काटकसरीचं समर्थन करताना त्याचा आधार घेतला. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ॲमहर्स्टचा विद्यार्थी थॉमस हर्नडन याला मूळ एक्सेल फाइल मिळाली. सरासरीच्या फॉर्म्युल्यात पाच देशांच्या ओळी निवडायच्याच राहिल्या होत्या. हर्नडन आणि त्याच्या प्राध्यापकांनी ती चूक दुरुस्त केली, शिवाय माहितीची निवड आणि सरासरीची पद्धतही बदलली. उणे ०.१ टक्के असलेला सरासरी वाढदर २.२ टक्के निघाला. मूळ लेखकांनी एक्सेलमधली चूक मान्य केली, बाकीच्या टीकेवर वाद घातला. सायटेशन्स मात्र त्यानंतरही वाढतच गेली, कारण चुकीबद्दल लिहिणारेही त्याच पेपरचा संदर्भ देतात.

अंदाजाची परीक्षा वेगळी

अंदाजाला तारीख असते. ती आली की निकाल लागतो. रिझर्व्ह बँकेचे आकडे उघड असतात, त्यामुळे तिचंच उदाहरण घेऊ. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिचा २०२२-२३ च्या महागाईचा अंदाज ४.५ टक्के होता. प्रत्यक्षात सरासरी ६.७ आली. मध्ये युक्रेनचं युद्ध झालं, तेल महागलं.

आता दुसरं वर्ष. २०२५-२६ साठीचा अंदाज फेब्रुवारीत ४.२ होता, एप्रिलमध्ये ४, जूनमध्ये ३.७, ऑगस्टमध्ये ३.१, ऑक्टोबरमध्ये २.६ आणि डिसेंबरमध्ये २. नवी माहिती आली की अंदाज बदलावा, त्यात गैर काही नाही. पण पाचही बदल एकाच दिशेने आहेत. आमच्या ऑफिसात एखादं फीचर दर आठवड्याला "अजून एक आठवडा" म्हणत पुढे सरकतं, तेव्हा आम्ही ओळखतो की अंदाज बांधायची पद्धतच एका बाजूला कललेली आहे. इथेही तोच प्रश्न विचारायला हवा. महागाईचा अंदाज जास्त धरला तर दरकपात उशिरा होऊ शकते, आणि तेवढे महिने कर्जदार जास्त व्याज भरतो.

हे काम अवघड का आहे, ते नाशिककरांना वेगळं सांगायला नको. २०१२ पायाभूत वर्ष धरणाऱ्या महागाई निर्देशांकात टोमॅटोचं वजन फक्त ०.५७ टक्के. तरी जुलै २०२३ मध्ये किरकोळ बाजारात टोमॅटो शंभरी पार गेला आणि इतर भाज्यांसह त्याने देशाची महागाई ७.४४ टक्क्यांवर नेली. जूनमध्ये रिझर्व्ह बँकेने त्या तिमाहीसाठी ५.२ टक्के धरले होते. पिंपळगाव बसवंतच्या मार्केटमध्ये पुढच्या महिन्यात किती क्रेट येतील, हे कोणत्याच मॉडेलला नीट कळत नाही.

म्हणूनच रिझर्व्ह बँक एकच आकडा देऊन थांबत नाही. सोबत पंख्यासारखा पसरत जाणारा आलेख असतो. त्यात ५०, ७० आणि ९० टक्के शक्यतेचे पट्टे दाखवलेले असतात. आपल्या नोटिफिकेशनमध्ये मात्र मधला एकच आकडा येतो, पंखा गळून पडतो.

फोनवर करून बघा

सॉफ्टवेअरमध्ये नवीन मॉडेल आलं की आम्ही आधी त्याची तुलना सगळ्यात साध्या पद्धतीशी करतो. अंदाजांसाठी साधी पद्धत म्हणजे "मागच्या वर्षी होतं तेच पुढच्या वर्षी". हा पोरखेळ नाही. २००१ मध्ये अँड्र्यू ॲटकेसन आणि ली ओहानियन यांनी दाखवलं की अमेरिकेतल्या महागाईसाठी अर्थशास्त्रातली प्रतिष्ठित मॉडेल्स या साध्या पद्धतीपेक्षा सरस ठरत नव्हती.

मी वरची दोन वर्षं ताडून पाहिली. फेब्रुवारी २०२२ मध्ये चालू वर्षाची महागाई ५.३ टक्के राहील असं धरलं होतं. तोच आकडा पुढे ढकलला असता तर चूक १.४ ची. रिझर्व्ह बँकेची चूक २.२ ची. साधी पद्धत जिंकली. फेब्रुवारी २०२५ मध्ये चालू वर्षासाठी ४.८ धरले होते आणि पुढच्यासाठी ४.२. महागाई २ च्या आसपास राहिली, तर इथे रिझर्व्ह बँक जास्त जवळ. एक-एक बरोबरी. दोन वर्षांवरून कोणाला पास-नापास करू नका. फरक खरा की नशिबाचा, हे तपासायला १९९५ मध्ये फ्रान्सिस डिबोल्ड आणि रोबेर्तो मारियानो यांनी एक चाचणी दिली. त्या पेपरलाही हजारो सायटेशन्स आहेत, कारण लोक ती चाचणी वापरतात.

तेव्हा पुढची क्लिप आली की नोट्स ॲपमध्ये तीन गोष्टी लिहा : कोण म्हणालं, कोणता आकडा, कोणत्या तारखेपर्यंत. आकडा किंवा तारीख नसेल तर तो अंदाज नाही, गप्पा आहेत. आणि त्याच माणसाचे मागचे अंदाज शोधा. तज्ज्ञांच्या सरासरीची कल्पना हवी असेल तर रिझर्व्ह बँक २००७ पासून व्यावसायिक अंदाजकर्त्यांचं सर्वेक्षण करते. निकाल तिच्या वेबसाइटवर फुकट आहेत.

डिसेंबरच्या कपातीनंतर बाबा दुसऱ्या मशीनचं बघतायत. ग्रुपवर पुन्हा क्लिप आलीय, दर अजून खाली येणार म्हणून. या वेळी मी स्कॉलर उघडलं नाही. ईएमआय कॅल्क्युलेटर उघडला, आजच्या व्याजात अडीच टक्के मिळवले आणि स्क्रीन बाबांपुढे धरली. "एवढा हप्ता झेपेल?" बाबा बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "कर्ज पंधराचंच घेऊ."