संगणकीय हिशेबाची नवी आवृत्ती : करासाठी की औषधासाठी?

औषधालयाच्या हिशेबाचा विषय वैद्यकाच्या नियतकालिकात कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु चिकित्सेच्या चार पादांत भिषक्, उपस्थाता आणि रोगी यांच्याबरोबर द्रव्यही आहे, आणि द्रव्य कोठून आले, केव्हा तयार झाले व कोणाला दिले गेले, हे सांगू शकणारी नोंद आज बहुतेक औषधालयांत संगणकातच असते. म्हणून ही प्रणाली कोणत्या आवृत्तीची असावी, हा प्रश्न केवळ हिशेबनिसावर सोपवून मोकळे होण्याजोगा राहिलेला नाही.

उदाहरणासाठी टॅली ही प्रणाली घेतो, कारण आपल्या व्यवसायबंधूंपैकी अनेकांच्या गल्ल्यावर तीच दिसते. मार्ग, बिझी अशा अन्य प्रणाली वापरणाऱ्यांनाही पुढील विवेचन बहुतांशी लागू पडेल. टॅली.ईआरपी ९ ही आवृत्ती २००९ साली आली. त्यानंतर नोव्हेंबर २०२० मध्ये टॅलीप्राइम आली व तिच्याही सुधारित आवृत्त्या वेळोवेळी निघाल्या. तरीही जुन्या आवृत्तीवर समाधान मानणारी औषधालये कमी नाहीत. 'चालले आहे ना, मग कशाला बदलायचे?' हा त्यांचा युक्तिवाद. तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही; पण पुरेसाही नाही.

आपल्याकडे आवृत्ती बदलण्याचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते. १ एप्रिल २००५ रोजी महाराष्ट्रात मूल्यवर्धित कर आला, तेव्हा आपण प्रणाली बदलली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, तेव्हा पुन्हा बदलली. प्रत्येक वेळी बदलाचे निमित्त कर हेच होते. त्यामुळे प्रणाली म्हणजे कर भरण्याचे साधन, अशी आपली समजूत दृढ झाली आणि तिच्यातील उरलेल्या सोयी वर्षानुवर्षे न उघडलेल्या बरणीसारख्या पडून राहिल्या.

कराचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. २०२५ च्या सप्टेंबरचेच उदाहरण पाहावे. तोपर्यंत औषधिद्रव्ये व सौंदर्यप्रसाधन कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील ग्रंथांनुसारच बनविलेल्या व ग्रंथोक्त नावानेच विकल्या जाणाऱ्या कल्पांवर ५ टक्के, तर प्रोप्रायटरी औषधांवर १२ टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून दोन्हींवर ५ टक्के झाला. केशतैल, साबण यांसारख्या वस्तूही त्याच दिवशी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आल्या. फळीवरचा साठा जुना असला तरी त्या दिवसापासून होणाऱ्या विक्रीला नवा दर लावायचा होता. ज्यांच्या प्रणालीत औषधांचे गट नीट पाडलेले होते व दर लागू होण्याची तारीख नोंदविण्याची सोय ज्यांना ठाऊक होती, त्यांचे काम एका बैठकीत झाले. ज्यांनी प्रत्येक औषधाचा दर सुटा भरलेला होता, त्यांना एकेक नाव उघडून दुरुस्ती करावी लागली.

दुसरी बाब वैद्य आणि औषधालय एकाच छताखाली असलेल्यांची. रुग्णतपासणी व चिकित्सा ही सेवा करमुक्त आहे. औषधविक्री करपात्र आहे. हे दोन प्रवाह प्रारंभापासून वेगळ्या खात्यांत वाहू दिले नाहीत, तर वर्षअखेरीस ते निवळून घेणे कठीण जाते. नव्या आवृत्त्यांत विवरणपत्राची जुळणी, चुकीचा किंवा अपुरा एचएसएन क्रमांक दाखवून देणे, पुरवठादाराने भरलेल्या बिलांशी आपली खरेदी ताडून पाहणे ही कामे पुष्कळ सुकर झाली आहेत. हा लाभ खराच आहे.

परंतु माझे प्रतिपादन याहून वेगळे आहे. आवृत्ती बदलण्याचे खरे कारण कर नसून औषध हे असले पाहिजे.

शार्ङ्गधराने कल्पांचा सवीर्यता अवधी सांगितला आहे. चूर्ण दोन महिन्यांत हीनवीर्य होते, गुटिका व लेह वर्षभर टिकतात, आसव आणि रसकल्प जुने होतील तसे गुणवान होतात, हे आपण विद्यार्थिदशेत पाठ केले. आजच्या नियमावलीतील नियम १६१-ब आधुनिक उत्पादन व वेष्टन ध्यानात घेऊन हेच काम करतो. त्यात चूर्णासाठी दोन वर्षे, गुग्गुळ कल्पांसाठी पाच वर्षे असे निरनिराळे कालावधी ठरलेले आहेत. म्हणजेच आपल्या फळीवर शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन डब्यांचे आयुष्य सारखे नसते. ॲलोपॅथीच्या दुकानात मुदतबाह्य औषधाबाबत जेवढी जागरूकता असते, तेवढी आपल्याकडे असते का, हे प्रत्येकाने स्वतःच्या फळीकडे पाहून ठरवावे. 'आयुर्वेदिक औषध बिघडत नाही' ही ग्राहकाची भाबडी समजूत आपण दुकानदारीत वापरता कामा नये.

प्रणालीत प्रत्येक औषधाची बॅच, निर्मितीची तारीख व मुदत नोंदविण्याची सोय आहे. ती जुन्या आवृत्तीतही होती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मग नव्या आवृत्तीने काय साधते? गल्ल्यावर बिल करीत असतानाच, ते बिल न सोडता, दुसऱ्या कल्पाचा साठा किंवा मुदत पाहता येते. हवा तो तक्ता नावाने शोधून क्षणात उघडता येतो. जी माहिती चार पडदे ओलांडून मिळवावी लागते, ती गर्दीच्या वेळी कोणी पाहत नाही. जी एका कळीवर मिळते, ती पाहिली जाते. सोय असणे आणि सोय वापरली जाणे यांतील अंतर कमी होणे, हाच नव्या आवृत्तीचा मोठा गुण होय.

याचे मोल एका प्रसंगाने मला पटले. काही वर्षांपूर्वी एका उत्पादकाने एका कल्पाची विशिष्ट बॅच परत मागविली. माझ्या औषधालयात बॅचवार नोंद व बिलावर रुग्णाचे नाव ठेवण्याचा परिपाठ असल्याने ती बॅच कोणकोणत्या बिलांत गेली, याची यादी पाव तासात निघाली आणि त्याच सायंकाळी सर्व रुग्णांना दूरध्वनी झाले. शेजारच्या गावातील एका व्यवसायबंधूंकडे त्याच औषधाच्या किती बाटल्या खपल्या हे कळत होते, पण कोणाला दिल्या हे कळत नव्हते. त्यांनी तीन दिवस बिलपुस्तके चाळली आणि अखेर दवाखान्याबाहेर सूचना लावली. सूचना वाचून किती जण परत आले, ते त्यांनाही सांगता आले नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला खर्चाचा. टॅलीचा परवाना कायमस्वरूपी असतो व ज्यांची वार्षिक सेवा-वर्गणी चालू आहे त्यांना नवी आवृत्ती वेगळे मूल्य न देता मिळते. पण वर्गणी खंडित झालेल्यांना ती भरावी लागते आणि गल्ल्यावरचा संगणक फार जुना असेल तर तोही बदलावा लागतो, कारण नव्या आवृत्तीला ६४-बिट विंडोज लागते. हा खर्च धरूनच निर्णय घ्यावा. ज्यांची विक्री अगदी मर्यादित आहे, त्यांना नीट ठेवलेली नोंदवहीही पुरेल. त्यांनी केवळ देखाव्यासाठी संगणक घेऊ नये.

दुसरा आक्षेप सेवकवर्गाच्या सवयीचा. जुन्या कळा बोटांना ठाऊक झालेल्या असतात. आठ-दहा दिवस कामाचा वेग मंदावतो, हे मान्य करून हंगाम नसलेला काळ निवडावा.

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे, तो रुग्णाच्या गोपनीयतेचा. नव्या आवृत्तीतून बिल थेट व्हॉट्सॲपवर पाठविता येते. बिलावरील औषधांची नावे म्हणजे जाणत्याला निम्मे निदानच. ते बिल चुकीच्या क्रमांकावर किंवा घरातील दुसऱ्याच्या हाती पडले तर रुग्णाचा विश्वास तुटतो. रुग्णाच्या घरची गोष्ट बाहेर न सांगण्याचा दंडक चरकाने वैद्याला घालून दिला आहे. आता २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदाही आहे. म्हणून रुग्णाच्या संमतीवाचून ही सोय वापरू नये.

नोंदीत कोणी, केव्हा, काय बदल केला हे टिपून ठेवणारा 'एडिट लॉग' हीदेखील नव्या आवृत्तीतील उपयुक्त सोय आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना ती सक्तीची झाली. आपल्यापैकी बहुतेकांची औषधालये एकल मालकीची किंवा भागीदारीची असल्याने आपल्यावर ती सक्ती नाही. तथापि बॅचचा क्रमांक मागाहून बदलला गेला का, हे मालकाला कळणे औषधाच्या दृष्टीनेच आवश्यक आहे.

बदल करायचे ठरले तर आपल्या परिचयाचाच क्रम पाळावा. पूर्वकर्म : संपूर्ण माहितीची प्रत दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी, कारण नव्या आवृत्तीत नेलेली माहिती जुन्या आवृत्तीत पुन्हा उघडत नाही. प्रत्यक्ष साठा मोजावा, मुदतबाह्य माल बाजूला काढावा, एकाच औषधाची दोन-दोन नावे असतील तर ती एक करावीत. प्रधानकर्म : जाणकाराच्या उपस्थितीत, दुकान बंद असताना स्थलांतर करावे. पश्चात्कर्म : जुन्या व नव्या तेरीजपत्रकातील आणि साठ्यातील आकडे ताडून पाहावेत व निदान महिनाभर रोज सायंकाळी दहा-बारा औषधांचा साठा हाताने मोजून पडताळावा. पूर्वकर्म टाळून केलेल्या शोधनाचे काय होते, हे वैद्यांना वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

नवे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. ज्यांना पालट करावयाचा आहे त्यांनी मार्चच्या धावपळीपूर्वीच साठामोजणीला हात घालावा. आणि ज्यांना आवृत्ती बदलायची नाही, त्यांनीही एक करावे : आपल्या फळीवरील कोणतेही एक औषध उचलून त्याच्या बॅचचे मागील पाच ग्राहक आपल्या प्रणालीतून काढून पाहावेत. ते निघाले तर जुनी आवृत्ती खुशाल ठेवावी. न निघाले, तर कर वेळेवर भरला जात आहे एवढ्यावर समाधान मानू नये.