तांबी हवी, पण तिच्या मर्जीने

गर्भपातानंतर पुढची पाळी येईपर्यंत दिवस राहत नाहीत, असा समज अनेक घरांत आहे. तो चुकीचा आहे. गर्भपातानंतर दोन आठवड्यांच्या आतही स्त्रीबीज बाहेर पडू शकते. म्हणजे पाळी येण्याआधीच पुन्हा गर्भधारणा होऊ शकते. त्यामुळे संततिनियमनाविषयीचे बोलणे पुढच्या भेटीवर ढकलता येत नाही.

तांबी हा त्यातला भरवशाचा उपाय. पिशवी रिकामी करून गर्भपात झाला असेल आणि जंतुसंसर्ग नसेल, तर ती त्याच वेळी बसवता येते. गोळ्यांनी गर्भपात झाला असेल, तर तो पूर्ण झाल्याची खात्री करून. सरकारी रुग्णालयांत ती मोफत मिळते. '३८० ए' प्रकारची तांबी १० वर्षे चालते, '३७५' प्रकारची ५ वर्षे.

प्रश्न सोयीचा नाही, संमतीचा आहे. वेदनेत, भीतीत, टेबलावर पडल्यावर मिळवलेला होकार हा होकार नव्हे. हे बोलणे आधी, निवांत आणि एकांतात व्हायला हवे. पहिले काही महिने अंगावरून जास्त जाईल, पोटात दुखेल. गर्भपातानंतर लगेच बसवलेली तांबी निसटण्याची शक्यता थोडी अधिक असते. लैंगिक आजारांपासून ती संरक्षण देत नाही. ताप आला किंवा दुर्गंधीयुक्त स्राव झाला तर लगेच यावे, हे सारे तिला सांगायला हवे. अंगात रक्त कमी असेल तर दुसऱ्या उपायाचाही विचार व्हावा. आणि मुख्य म्हणजे, नकोशी झाली तर मुदतीआधीही ती काढून मिळते आणि काढल्यावर पुन्हा दिवस राहू शकतात. हे आधी कळले नाही, तर पहिल्याच त्रासात तिचा तांबीवरचा आणि दवाखान्यावरचाही विश्वास उडतो.

१९७१ च्या कायद्यानुसार गर्भपातासाठी सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे; नवऱ्याची सही लागत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने साधन निकामी ठरल्याच्या तरतुदीतून विवाहाची अटही काढली. 'तांबी बसवाल तरच गर्भपात करू' ही अट कोणत्याही कायद्यात नाही. नकार दिला तरी उपचार मिळालेच पाहिजेत.

र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले, तेव्हा साधने मिळणेच दुर्मीळ होते. आज साधन हाताशी आहे. ते वापरायचे की नाही, हे मात्र तिलाच विचारायला हवे.