सामाजिक शास्त्रांच्या अंतर्गत २० गुणांपैकी किमान १० गुण विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या लेखनाला द्यावेत : एक निवेदन

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

मार्फत : मा. गटशिक्षणाधिकारी, पंचायत समिती, जुन्नर, जि. पुणे

दिनांक : १५ जुलै २०२५

विषय : इयत्ता नववी व दहावीच्या इतिहास-राज्यशास्त्र आणि भूगोल या विषयांत स्थानिक अभ्यासावर आधारलेले स्वतंत्र लेखन मूल्यमापनात आणण्याबाबत व त्यासाठी लागणाऱ्या सोयी पुरवण्याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सही करणारे जुन्नर तालुक्यातील माध्यमिक शाळांत इतिहास व भूगोल शिकवणारे शिक्षक आणि तेथील विद्यार्थ्यांचे पालक आहोत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ला अनुसरून २०२५-२६ या वर्षापासून राज्यात पहिलीला नवी पाठ्यपुस्तके लागू झाली असून वरच्या इयत्तांची पुस्तके टप्प्याटप्प्याने येणार आहेत. एकदा पुस्तके छापून झाली, मूल्यमापनाचे आराखडे मंजूर झाले, की सूचना फायलीला लागतात. म्हणून हे निवेदन आत्ताच सादर करीत आहोत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : आमची मुले सामाजिक शास्त्रांत पानेच्या पाने लिहितात, पण त्यांत स्वतः पाहिलेले, विचारलेले, ताडून घेतलेले असे एक वाक्यही त्यांना लिहावे लागत नाही. दोष मुलांचा नाही आणि पुस्तकाचाही फारसा नाही. आपण गुण कशाला देतो, याचा तो परिणाम आहे.

पुस्तकात काय आहे, परीक्षेत काय लागते

दहावीच्या सध्याच्या इतिहासाच्या पुस्तकाची सुरुवात इतिहासलेखनाच्या परंपरांपासून होते. पुढे उपयोजित इतिहास, प्रसारमाध्यमे, मनोरंजन, खेळ, पर्यटन अशी प्रकरणे येतात आणि शेवट ऐतिहासिक ठेव्यांच्या जतनावर होतो. भूगोलाच्या पुस्तकातला तर पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा आहे. नुसत्या सनावळ्या पाठ करण्याची जुनी रीत या पुस्तकांनी मोडली, याबद्दल आम्ही पुस्तककर्त्यांचे ऋणी आहोत.

परंतु इतिहास-राज्यशास्त्राला ४० गुण आणि दोन तास, भूगोलाला ४० गुण आणि दोन तास, अशा लेखी परीक्षेत पोहोचेपर्यंत या पुस्तकांचे गाईड होते. आधुनिक इतिहासलेखनाचा जनक व्हॉल्टेअर, हे मूल झोपेतही सांगते. आपल्या गावाबद्दलची एखादी गोष्ट खरी की खोटी हे कसे ठरवायचे, असे त्यालाच विचारले तर ते गप्प बसते. इतिहासकार वि. का. राजवाडे मूळ कागदपत्रांच्या शोधात गावोगाव हिंडले, हे आम्ही शिकवतो. मुलांच्या हातात मूळ कागद मात्र एकही पडत नाही.

एक उदाहरण नमूद करतो. दहावीच्या एका पूर्वपरीक्षेत ऐतिहासिक ठेव्यांच्या जतनावर तीन गुणांचा प्रश्न होता. एका मुलीने आपल्या गावच्या देवळामागच्या वीरगळाबद्दल लिहिले. खालच्या चौकटीत गाई आणि लढणारा माणूस आहे, वरच्या चौकटीत तोच माणूस शिवलिंगापुढे बसला आहे. यात्रेच्या आधी कुणी हौसेने दगडाला ऑइलपेंट फासला, त्यात चेहरा बुजला. दगड उचलून ओट्यावर ठेवला तर पावसाचे पाणी लागणार नाही. तिला एक गुण मिळाला आणि शेरा पडला, ‘मुद्दे नाहीत’. गाईडमधले चार मुद्दे उतरवणाऱ्यांना पुरे तीन गुण मिळाले. तपासणाऱ्याच्या हातातल्या नमुना उत्तरात वीरगळ नव्हता, त्याने तरी काय करावे? पण त्या दिवशी वर्गाने घ्यायचा तो धडा घेतला.

साधने दाराशी आहेत

जुन्नरचे उदाहरण आम्ही देतो ते आम्हाला ते ठाऊक आहे म्हणून. राज्यातल्या प्रत्येक तालुक्याला असे काही ना काही सांगता येईल.

नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला प्राकृत शिलालेख आहे. यज्ञांत दान दिलेल्या गाई, घोडे आणि नाण्यांची मोजदाद त्यात आकड्यांनिशी कोरलेली आहे. भारतातल्या अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या पुराव्यांत त्याची गणना होते. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत, असे लोक सांगतात. आता शिलालेख हा एक पुरावा आणि लोक सांगतात ती दुसरी गोष्ट. या दोहोंना सारखेच वजन द्यायचे का? इतिहासलेखनाच्या अख्ख्या प्रकरणाचा गाभा या एका प्रश्नात आहे, आणि तो विचारायला जुन्नरहून जेमतेम ३० किलोमीटर जावे लागते. शिवनेरी आणि लेण्याद्री डोळ्यांसमोर आहेत. मलिक अहमदने अहमदनगर वसवण्यापूर्वी निजामशाहीचा कारभार जुन्नरातून चालला. नारायणगावात दरवर्षी यात्रांच्या हंगामाआधी तमाशा फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पंच सुपारी द्यायला येतात. मनोरंजनाच्या माध्यमांवरचे प्रकरण शिकणारा नारायणगावचा मुलगा या राहुटीत जाऊन चार प्रश्न विचारू शकतो. त्याऐवजी तो ‘टीप लिहा : तमाशा’ पाठ करतो.

भूगोलात वेगळे काही घडत नाही. ब्राझीलमधल्या ‘अवर्षण चतुष्कोना’ला पाऊस का कमी, याचे उत्तर मुलांना तोंडपाठ आहे. आपल्याच तालुक्यात पश्चिमेला घाटमाथ्यावर भातखाचरे तुडुंब भरलेली असताना पूर्वेला आणे पठारावर पावसाची वाट का पाहावी लागते, हे त्यांनी कधी आलेख काढून मांडलेले नाही. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज आणि पिंपळगाव जोगे ही धरणे याच तालुक्यात आहेत. पाणी कालव्याने कुठे जाते, जमीन कुणाची गेली, बागायत कुणाची झाली, यावर लिहिण्यासाठी मुलाला घरातल्या आजोबांशी बोलले तरी पुरे.

राज्यशास्त्रासाठी ग्रामसभा आहे. पश्चिमेकडची आदिवासी गावे अनुसूचित क्षेत्रात येतात आणि १९९६ च्या पेसा कायद्याने तिथल्या ग्रामसभेला विशेष अधिकार दिले आहेत. ते बैठकीत कसे वापरले जातात, हे पाहून लिहिलेले एक पान लोकशाहीवरच्या दहा व्याख्यांपेक्षा जास्त शिकवील.

आणि ज्या गावात यातले काहीच नाही, तिथेही शाळेचे जुने जनरल रजिस्टर आहे. पहिली मुलगी कोणत्या साली दाखल झाली, कोणत्या वर्षी नावे धडाधड कमी झाली, पालकांचे व्यवसाय कसे बदलत गेले, हे नावे झाकूनही वाचता येते. गावाचा सामाजिक इतिहास मुख्याध्यापकांच्या कपाटात बंद आहे.

२० गुणांचे काय झाले

२०१८-१९ मध्ये भाषा व सामाजिक शास्त्रांचे शाळास्तरावरचे २० गुण काढून टाकण्यात आले. मार्च २०१९ चा दहावीचा निकाल ७७.१० टक्के लागला. आदल्या वर्षी तो ८९.४१ टक्के होता. ओरड झाली आणि त्याच वर्षी हे गुण परत देण्यात आले. २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. या सगळ्या गदारोळात चर्चा झाली ती टक्क्यांची. त्या २० गुणांत मुलांनी नेमके करायचे काय, यावर कुणी बोलले नाही. आज हे गुण गृहपाठाच्या वह्या आणि छोट्या चाचण्यांवर उरकले जातात. प्रकल्प म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातून आणलेली चित्रे आणि नेटवरून उतरवलेला मजकूर, हे शिक्षकांना ठाऊक आहे, पालकांना ठाऊक आहे, आणि मुलांना सर्वांत आधी ठाऊक आहे.

अडचणी

शाळांनी हे आपणहून का केले नाही, असे विचारले जाईल. गावाच्या वेशीपर्यंत वर्ग न्यायचा म्हटले तरी मुख्याध्यापक सहलीचे नियम पुढे करतात, कारण काही घडले तर जबाबदारी त्यांच्यावर येते. कमी पटाच्या शाळांत संचमान्यतेत पदे टिकत नाहीत; मग इतिहास वा भूगोल ज्याच्या तासिका कमी भरतात त्याच्या गळ्यात पडतो. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी सामाजिक शास्त्रांचा शिक्षक आणि प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, असे स्पष्ट म्हटले आहे. कायद्यातली ही तरतूद शाळेत दिसावी.

मागण्या

१. नववी व दहावीच्या सामाजिक शास्त्रांतील अंतर्गत २० गुणांपैकी किमान १० गुण एका स्थानिक अभ्यासाला द्यावेत. विद्यार्थ्याने विषय स्वतः निवडावा, निदान दोन साधने वापरावीत (कागद, वास्तू, नकाशा, मुलाखत, मोजणी यांपैकी), पाचशे ते सातशे शब्द स्वतःच्या हस्ताक्षरात लिहावेत आणि त्यावर वर्गात पाच मिनिटे प्रश्नोत्तरे व्हावीत. प्रश्नोत्तरांत उसने लेखन लगेच उघडे पडते.

२. राज्य मंडळाच्या गुणदान सूचनांत, पुस्तकाबाहेरचे पण प्रश्नाला धरून असलेले योग्य उदाहरण पूर्ण गुणांस पात्र राहील, असे स्पष्ट नमूद करावे आणि नमुना उत्तराबरोबर अशा उत्तराचा एक मासला द्यावा.

३. दोन्ही प्रश्नपत्रिकांत पुस्तकात नसलेल्या साधनावर (शिलालेखाचा अनुवाद, जुनी जाहिरात, छायाचित्र, पर्जन्याचा तक्ता) एक प्रश्न असावा.

४. शाळेच्या गावात व लगतच्या शिवारात शालेय वेळेत होणारी क्षेत्रभेट सहलीच्या नियमांतून वगळून मुख्याध्यापकांच्या लेखी परवानगीवर सोडावी. दूरच्या क्षेत्रभेटीसाठी एस.टी.ची ५० टक्के सवलत आहेच. उरलेला खर्च आदिवासी व दुष्काळी भागांतील शाळांसाठी शासनाने सोसावा.

५. पुराभिलेख संचालनालय आणि राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद यांनी मिळून प्रत्येक तालुक्याचा साधनसंच तयार करावा : निवडक मोडी कागदांच्या प्रती व देवनागरी लिप्यंतर, गॅझेटियरमधील उतारे, भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा आणि पावसाच्या नोंदी. संच छापील स्वरूपात द्यावा; सगळीकडे रेंज नसते.

६. संचमान्यतेत इतिहास व भूगोलाचे विषयशिक्षक पद पटसंख्येपासून अलग करावे. जिथे ते शक्य नाही तिथे केंद्रातील दोन-तीन शाळांसाठी एक फिरता विषयशिक्षक नेमावा.

७. नववी-दहावीच्या नव्या अभ्यासक्रमाचा मसुदा अंतिम होण्यापूर्वी तालुका पातळीवर विषयशिक्षकांची बैठक घ्यावी आणि आलेल्या सूचनांवर काय निर्णय झाला, ते प्रसिद्ध करावे.

गुण वाढवा, पाठ वाढवा किंवा आमच्या तालुक्याचा स्वतंत्र धडा घाला, अशी मागणी आम्ही करीत नाही. आहेत तेच गुण, आहेत तेच पाठ. मुलाच्या स्वतःच्या निरीक्षणाला त्यांत किंमत मिळावी. मागणी क्रमांक २ आणि मागणी क्रमांक ४ मधील गावातल्या क्षेत्रभेटीची परवानगी यांसाठी एक पैसाही लागत नाही. केवळ परिपत्रक काढले तरी भागते. ती दोन परिपत्रके येत्या द्वितीय सत्राच्या आत काढावीत आणि उरलेल्या मागण्यांवर चर्चेसाठी आमच्या प्रतिनिधींना वेळ द्यावी, ही विनंती. कोणती मागणी मान्य होण्यासारखी नसेल, तर ती का, हे लेखी कळवावे. मागणी क्रमांक १ राज्यभर लागू करण्याआधी पडताळून पाहायची असल्यास पुढील शैक्षणिक वर्षात आमच्या शाळांत तिचा प्रयोग करण्यास आम्ही तयार आहोत.

आपले विश्वासू,
जुन्नर तालुक्यातील माध्यमिक शाळांचे इतिहास व भूगोल शिक्षक आणि पालक
(सह्या सोबत जोडल्या आहेत)

प्रत माहिती व उचित कार्यवाहीसाठी :
१. मा. आयुक्त (शिक्षण), महाराष्ट्र राज्य, पुणे
२. मा. अध्यक्ष, महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ, पुणे
३. मा. संचालक, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, पुणे
४. मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद, पुणे