पांदण नकाशावर कधी येणार?

इस्लापूरहून सहस्रकुंडाच्या धबधब्याकडे पायी किंवा सायकलवर जायचं आणि मोबाइलला वाट विचारायची, तर तो बहुधा मोटारीचाच रस्ता दाखवतो. चालणाऱ्या माणसाचं चित्र दाबा नाहीतर सायकलचं, फरक पडतो तो पोचायच्या वेळेत. गुराखी मात्र धुऱ्याधुऱ्यानं, पांदणीतून केव्हाच निघून गेलेला असतो.

यात यंत्राचं गणित चुकत नाही. हे गणित जुनं आहे. एड्सखर डाइक्स्ट्रा या डच गणितज्ञानं ते १९५६ साली बसवलं आणि १९५९ मध्ये छापलं. रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याला एक किंमत द्यायची आणि सगळ्यात कमी बेरीज होईल ती वाट निवडायची. पायी माणसाला तासाला साधारण पाच किलोमीटर धरतात. सायकलवाल्याला चढ आणि खडी महाग लावतात. चढही अंदाजानं धरत नाहीत. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ यानानं अकरा दिवसांच्या फेरीत जगाच्या बहुतेक जमिनीची उंची रडारनं मोजली, तिचे आकडे आजही अशा कामी येतात. म्हणजे आपल्या किनवटच्या डोंगरांची उंची आभाळातून मोजून झाली, आणि घरामागची पांदण राहिली ती राहिलीच! जी वाट काढलेलीच नाही, तिची बेरीज गणित कुठून करणार?

खरं तर कागदावर ती असते. तलाठ्याकडचा गाव नकाशा उघडून बघा. पायमार्ग तिथं एका तुटक रेषेनं दाखवतात, त्याची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. गाडीमार्ग याहून रुंद. पण त्या रेषेवर आज कुणाचा कापूस उभा आहे, कुठं काटेरी कुंपण घातलंय, हे नकाशा सांगत नाही. अडवलेली वाट मोकळी करून मागायला १९०६ चा मामलतदार न्यायालय कायदा आहे. तारखा मात्र लांबतात, आणि भावकीचं भांडण त्याहून लांबतं. पांदणींवर माती-मुरूम पडावा म्हणून सरकारनं २०२१ मध्ये ‘मातोश्री’ या नावानं योजना काढली. रस्ता होईल तेव्हा होईल, रेघ तर आधी ओढता येते.

ती ओढायला २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला ‘ओपनस्ट्रीटमॅप’ आहे. हा नकाशा लोकच भरतात, फुकट वापरतात, आणि पायी-सायकलची वाट सांगणारी कितीतरी ॲप त्याच्यावरच चालतात. जीपीएस चालू ठेवून वाट चालायची आणि मग ती रेघ नकाशावर चढवायची. सरकारी नकाशा समोर ठेवून उतरवून काढू नये, परवानगीचा प्रश्न येतो. शिवाय चालून गेल्यावरच कळतं की वाट खरंच सुरू आहे का. पायवाट की गाडीवाट, माती की मुरूम, नाल्यावर पूल आहे की पाण्यात उतरावं लागतं, हे सगळं नोंदवता येतं. आपल्याकडे हे शेवटचं फार महत्त्वाचं. पैनगंगेला पूर आला की उन्हाळ्यातली जवळची वाट जिवावर बेतू शकते, आणि बाहेरगावहून धबधबा बघायला आलेल्या पोराला ते कोण सांगणार?

शाळांना हे काम सहज जमेल. भूगोलाच्या गुरुजींनी दिवाळीनंतर, चिखल वाळला की, पोरांना घेऊन एक-एक शीव चालून काढावी. सोबत गावातला एखादा म्हातारा गुराखी घ्या. त्याला माहीत असलेल्या वाटा दुसऱ्या कुठल्याही नकाशात मिळायच्या नाहीत.